माझ्या बायकोला कामावर सोडणारा

माझा चुलतभाऊ जाफराबाद ते जालना काळीपिवळी जीप चालवायचा. वयाने माझ्याहून लहान, अंगाने दांडगा, आणि बारावी त्याला काही केल्या झेपली नव्हती. मी गावातल्याच शाळेत भूगोल शिकवतो. सकाळी मी स्टँडवरून जायचो तेव्हा तो जीपच्या फुटबोर्डावर एक पाय ठेवून "जालना, जालना" ओरडत असायचा. मी दिसलो की आवाज खाली आणायचा, "दादा, च्या घेता?" म्हणून विचारायचा आणि माझ्या उत्तराची वाट न बघता टपरीवाल्याला बोट दाखवायचा. मी त्याचा चहा प्यायचो. त्याच्याकडे बघून मला कधी बरं वाटायचं, कधी कीव यायची. हेवा मात्र कधीच वाटला नाही. त्याच्याजवळ हेवा वाटावा असं होतंच काय?

माझी बायको आणि त्याची बायको, दोघी जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. नर्सिंगचा कोर्स दोघींनी एकत्र केलेला. माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोनेच आपल्या मैत्रिणीचं स्थळ आमच्या घरात सुचवलं आणि मैत्रीण तिची जाऊ झाली. दोघी रोज त्याच्याच जीपमधून जालन्याला जायच्या, त्याच्याच जीपमधून परत यायच्या. माझी बायको पुढच्या सीटवर बसायची, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दीर आपल्या वहिनीला नेतो-आणतो, यात कोणाला काय वाटायचं?

मग दोघींच्या डोक्यात इंग्लंड शिरलं. त्यांच्या दवाखान्यातली एक नर्स गेली, पाठोपाठ दुसरी. तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं कमी पडताहेत, बाईला काम मिळालं की नवरा आणि मुलं सोबत नेता येतात, नवऱ्याला तिकडे कामही करता येतं, असं सगळं त्या सांगत यायच्या. काही दिवस आमच्या घरी दुसरा विषयच नव्हता. संध्याकाळी आम्ही चौघं ओसरीत बसायचो आणि माझी मुलगी मधे लोळत असायची. ती तेव्हा दुसरीत होती. मी नकाशा काढून कुठे पाऊस जास्त, कुठे थंडी कमी ते सांगायचो. भाऊ तोंड उघडं टाकून ऐकायचा.

"दादा, तुम्ही असले म्हंजी आपल्याला तिथं काही भेव न्हाई," तो म्हणायचा. "तुम्ही बोलायचं, मी गाडी चालवायची."

हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं. मी पुढे, तो मागे.

इंग्रजीची परीक्षा दोघी एकाच दिवशी देणार होत्या. परीक्षेच्या आधीच माझ्या बायकोला टायफॉईड झाला. ती पलंगावरून उठेना. जाऊ एकटी जाऊन परीक्षा देऊन आली, पास झाली, तिचे कागद पुढे सरकले. माझ्या बायकोने बरी झाल्यावर परीक्षा दिली. तीही पास झाली, जावेपेक्षा चांगल्या गुणांनी. पण मधल्या काळात त्या देशाने नियम बदलला. म्हाताऱ्यांच्या सेवेच्या कामावर यापुढे जी माणसं अर्ज करतील त्यांना नवरा, बायको, मुलं कोणालाही सोबत आणता येणार नाही. ज्यांचं काम आधी झालं त्यांना जुना नियम.

मी ही बातमी शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाईलवर वाचली. पुन्हा वाचली. वाटलं, माझं इंग्रजी कमी पडत असेल. संध्याकाळी दोघींचे कागद करणाऱ्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "सर, बराबर वाचलं तुम्ही. तुमच्या भावाचं झालं. तुमचं न्हाई होणार. मॅडम एकट्या जाऊ शकतात."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. चपला काढून दारातच बसला, आत येईना. त्यालाच चोरट्यासारखं झालं होतं.

"दादा," तो म्हणाला, "वहिनीला जाऊ द्या. आता इतकं केल्यावर मागं कशाला सरायचं? मी हाये ना तिथं."

मी हाये ना तिथं. हे वाक्य त्याने किती सरळ मनाने उच्चारलं होतं ते मला माहीत आहे. तरी ते काट्यासारखं आत गेलं ते गेलंच.

मीच बायकोला जा म्हणालो. तिने मला विचारलं, "तुम्ही मनापासून म्हणून राह्यलेत का?" मी हो म्हटलं. तेव्हा ते खरंही होतं. नियम आज एक, उद्या दुसरा. बदलतील, आपणही जाऊ, असं वाटत होतं. आधी भाऊ आणि त्याची बायको गेले, नंतर थोड्या काळाने माझी बायको गेली. स्टँडवर त्याच्या जीपवर दुसराच ड्रायव्हर "जालना, जालना" ओरडू लागला.

त्या तिघांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं. वरच्या दोन खोल्यांतली एक भाऊ आणि जावेची, एक माझ्या बायकोची. खाली स्वयंपाकघर. माझी बायको एका वृद्धाश्रमात कामाला होती. जाऊ दुसऱ्या एका कंपनीकडून घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, औषध देणं अशी कामं करायची. तिला गाडी येत नव्हती आणि इकडचं लायसन तिकडे पहिलं वर्षभर चालतं, म्हणून भाऊच तिला या घरून त्या घरी न्यायचा. जाता जाता माझ्या बायकोला वृद्धाश्रमाच्या दारात सोडायचा.

आमची मधली सुट्टी व्हायची तेव्हा तिकडे सकाळ असायची. मी शाळेच्या मागच्या लिंबाखाली जाऊन व्हिडिओ कॉल लावायचो. बऱ्याचदा ती गाडीत असायची. पुढच्या सीटवर. पडद्याच्या कोपऱ्यात स्टिअरिंगवरचा त्याचा हात दिसायचा. ती माझ्याशी बोलायची आणि मधेच तिकडे मान वळवून म्हणायची, "भाऊजी, डावीकडं ना?" तो हसायचा. कशाला हसला ते मला कळायचं नाही. मागच्या एखाद्या बोलण्याचा धागा असायचा, आणि मी त्या बोलण्यात नव्हतो.

एकदा बर्फ पडला. तिने फोटो पाठवला. लाल कोट, टोपी, दोन्ही हातांत बर्फ, आणि ती अशी हसतेय की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही तसं हसू नाही. माझ्या मुलीने तो फोटो वर्गात सगळ्यांना दाखवायला मोबाईल मागितला. मी बायकोला फक्त एवढंच विचारलं, "फोटो कोणी काढला?"

"भाऊजींनी," ती म्हणाली. "का?"

"काही न्हाई. चांगला आला."

त्यानंतर मी प्रत्येक फोटोत तेच शोधू लागलो. हा कोणी काढला असेल? कुठे उभं राहून? ती कोणाकडे बघून हसतेय? मी भूगोलाचा मास्तर, तिथल्या वाऱ्यांची नावं मला पाठ, आणि त्या वाऱ्यात उभा राहणारा मात्र बारावी नापास. तो बाजारातून भाजी आणायचा. तिची ड्यूटी उशिरा संपली तर तिच्या वाटचं वरण झाकून ठेवायचा. हे सगळं तीच मला कौतुकाने सांगायची. आपला दीर किती चांगला म्हणून सांगायची. मी "हो, पोरगा चांगलाच आहे" म्हणायचो आणि माझी दाढ दुखायला लागायची, इतके मी दात आवळलेले असायचे.

याबद्दल कोणाला बोलणार? बोलावं असं घडलंच काय होतं? आईला म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, दीर आहे, लेकराच्या जागी. तक्रार करायला एक गोष्ट हातात लागत नव्हती, म्हणून तर जास्त जळायचो.

इकडे घरात मी, मुलगी आणि म्हातारी आई. मुलीच्या वेण्या मला जमायच्या नाहीत, आईला नीट दिसायचं नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एक शेजारीण होत्या, मुलगी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. सकाळी खाला ओट्यावर बसून हाक मारायच्या, "आजा बेटी, चोटी डालूं." तेल लावून अशा घट्ट वेण्या घालायच्या की संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. मुलगी तिथेच खिमा-पावाचा घास खायची, तिथेच अभ्यासाला बसायची, आणि हळूहळू तिच्या बोलण्यात "जल्दी करो", "बिलकुल नको" असं काहीबाही यायला लागलं. मला त्याची गंमत वाटायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी पाहुणे म्हणून जायचं ठरवलं. नोकरी करायची नाही, राहायचं नाही, नुसतं बघून यायचं. मी शाळेचं पत्र घेतलं, सगळे कागद जमवले, बोटांचे ठसे द्यायला मुलीला घेऊन पुण्याला गेलो. काचेपलीकडच्या बाईने मुलीला विचारलं, "कुठे चाललीस?" ती म्हणाली, "मम्मीला आणायला." मी घाईने म्हणालो, "भेटायला. भेटायला."

व्हिसा नाकारला. कारण असं होतं की, बायको तिकडे कामाला आहे, मुलगी सोबत नेतोय, तेव्हा मुदत संपल्यावर हा माणूस परत जाईल याची खात्री पटत नाही. मला शाळा होती, घर होतं, म्हातारी आई होती. मी परत येणार होतो. पण खरं सांगायचं तर, त्या अधिकाऱ्याने माझ्या मनात डोकावून बघितल्यासारखंही वाटलं.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "दादा, दिल छोटा करू नका. पुढच्या टायमाला बराबर करू. वहिनी लय रडल्या. मी आणि हिनं समजावलं."

माझी बायको रडली आणि त्याने समजावलं. मी फोन ठेवला आणि लगेच बायकोला लावला. आवाज चढलेला होता, तो मला खाली आणता आला नाही.

"उद्यापासून त्याच्या गाडीत बसायचं न्हाई."

ती म्हणाली, "कोणाच्या?"

"तुला माहीत आहे कोणाच्या."

"म्हंजी जाफराबादहून जालन्याला बसले तव्हा चाललं. इथं न्हाई चालत?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? तव्हा तुम्ही वर होता आन् ते खाली, हीच ना?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुला तिकडे मजा आहे. बर्फ, फोटो, गरम वरण. इथे मी एकटा मरून राह्यलोय."

तेव्हा तिचा बांध फुटला. माझी बायको मोठ्याने बोलणारी नाही, पण त्या दिवशी बोलली.

"मजा? दिवसभर परक्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढते मी. माझी पोरगी परवा फोनवर म्हणली, 'खाला जैसी चोटी कोई नहीं डालता.' तीन वर्षांची असल्यापासून मी घातल्या तिच्या वेण्या. तुम्हाला गंमत वाटून राह्यली, तुम्ही मला हसून सांगता. मला त्या बाईचा इतका राग येतो, इतका राग येतो, की तिनं माझ्या लेकीला जेवू घातलं हे आठवून मला घास गिळत न्हाई. आन् तुमचा तर जास्तच येतो. दात पडला, तुम्ही पाह्यला. सायकल शिकली, तुम्ही पाह्यली. मी फोटोच पाह्यले. कोणी काढला फोटो म्हणून मी कधी इचारलं का तुम्हाला?"

मग ती म्हणाली, "गाडीत बसीन मी. पायी गेले तर ड्यूटीला टायमावर पोचत न्हाई." आणि फोन ठेवला.

एवढं झाल्यावर माझा मत्सर संपायला हवा होता. तो संपला नाही. त्यात फक्त तिचा मत्सर येऊन मिळाला. मी मुलीच्या वेण्या शिकायला बसलो, खालांनीच शिकवल्या, आणि त्या घालताना मला वाटायचं की हेही मी तिच्यापासून हिसकावूनच घेतोय.

पुढच्या वर्षी जावेच्या कंपनीचा परवाना तिकडच्या सरकारने रद्द केला. कंपनीने बाहेरून माणसं आणताना नियम पाळले नव्हते म्हणे. त्यात काम करणाऱ्यांचा दोष काही नव्हता, पण थोड्या दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा, असं त्यांना कळवलं गेलं. त्याच सुमाराला नियम आणखी आवळले आणि या कामासाठी परदेशातून माणूस आणायचं दारच बंद झालं. जाऊ गावोगाव फोन करत होती. जो तो म्हणायचा, बघतो, कळवतो.

बायकोने मला हे सांगितलं तेव्हा ती काळजीत होती. मी म्हणालो, "अरेरे, वाईट झालं." म्हणालो ते मनापासून होतं का? त्या दिवशी मी नववीच्या वर्गात मोसमी वाऱ्यांचा धडा घेतला. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आज तुम्ही भारी शिकवलं." घरी येताना मी जिलेबी घेतली. कशाची जिलेबी ते आईने विचारलं, मी म्हटलं, सहज.

भाऊ आणि जाऊ परत आले. तो वाळला होता, गालफडं बसली होती. तिकडे तो सकाळी गाडी चालवायचा आणि दुपारपासून एका गोदामात खोकी उचलायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. भेटायला आला तेव्हा माझ्या मुलीसाठी तिच्या आईने दिलेली पिशवी घेऊन आला. मी ओसरीत खुर्ची टाकली. तो आता दारात बसला नाही, खुर्चीत बसला.

मुलीने त्याला सोडलंच नाही. "काका, मम्मीची खोली कशी आहे? मम्मी सकाळी काय खाते? मम्मीला तिकडं मैत्रिणी आहेत का?" तो एकेक सांगत होता. खोलीला निळा पडदा आहे. खिडकीत पुदिन्याची कुंडी आहे. आश्रमातली एक म्हातारी तिच्याशिवाय कोणाच्या हातून जेवत नाही. कामावरून आली की ती आधी जिन्याच्या पायरीवर बसते, बुटांसकट, काही वेळ कोणाशी बोलत नाही, मग वर जाते.

जिन्यातलं मला माहीत नव्हतं. फोनवर ती कधी जिन्यात बसलेली दिसली नव्हती. माझ्या बायकोचा थकवा त्याने पाहिला होता, आणि तो माझ्या मुलीला सांगत होता, आणि मी शेजारी बसून पाहुण्यासारखा ऐकत होतो. मुलगी त्याच्या गुडघ्याला टेकून बसली होती. मला तिला उठवून आत पाठवावंसं वाटलं.

"अभ्यास झाला का?" मी विचारलं.

"बसू द्या ना दादा," तो म्हणाला.

त्याने पुन्हा जीप चालवायला घेतली. स्टँडवर तो पुन्हा "च्या घेता?" म्हणू लागला. मी कधी घ्यायचो, कधी घाई आहे म्हणायचो.

माझी बायको तिकडे एकटीच राहिली. संध्याकाळी ती अभ्यास करायची. तिकडची नर्स व्हायचं तर आधी इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा, मग लेखी, मग प्रात्यक्षिक. टायफॉईडमध्येही पुस्तक उशाला ठेवणारी बाई ती. ती सगळ्या परीक्षा पास झाली आणि तिला एका मोठ्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. नर्सचा नियम वेगळा होता. नर्सला नवरा आणि मुलं नेता येतात. तिने फोन केला तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. आणि मला सगळ्यात आधी काय सुचलं? की आता तिथे तो नाही.

आमचे व्हिसा आले. आई भावाकडे राहणार होती. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तिकडे काय काम करणार?" मी म्हटलं, "मिळेल ते." ते म्हणताना मला गोदामातली खोकी दिसली.

निघायच्या दिवशी भावाने दुसऱ्या कोणाला विचारू दिलं नाही. "विमानतळापर्यंत मीच सोडणार," म्हणाला. जाऊ दारात आली, मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला सांगा, मी आठवण काढते," आणि पटकन आत गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. ते मी आरशात बरंच पाहिलं होतं. मला समाधान वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

भोकरदन मागे पडलं. मी पुढच्या सीटवर, मुलगी मागे झोपलेली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मग भाऊ एकदम बोलायला लागला, परीक्षेला जाणाऱ्या पोराला सांगावं तसं. स्टेशनच्या बाहेर पडलं की उजव्या हाताची बस धरायची, डाव्या हाताची नाही. हातमोजे लोकरीचे घेऊ नका, भिजतात. शनिवारी संध्याकाळी बाजारात भाजी स्वस्त मिळते. तो हे सगळं रस्त्यावरची नजर न काढता सांगत होता, आणि त्याच्या आवाजात मला तो सगळा गाव ऐकू येत होता, तिथले रस्ते, तिथला पाऊस, जिथे त्याला आता कोणी येऊ देणार नव्हतं. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवणारही होतो.

"आन् दादा," तो म्हणाला, "वहिनी आता चहात साखर घेत न्हाईत. तुम्ही इथल्यासारखा गोड करून देसाल."

मी हात परत मांडीवर घेतला.

"माहीत आहे मला," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.